तिरपागडा त्रिकोण

भागुबाई बंगळुरात आल्या तेव्हा त्यांना या शहराकडून काहीच नको होतं, फक्त बोलायला माणसं हवी होती. निपाणीजवळच्या त्यांच्या गावात घराचं दार दिवसभर उघडं असायचं आणि येणारा-जाणारा उंबऱ्याशी टेकून चार गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. नवरा गेल्यावर एकुलत्या एका लेकीनं, अश्लेषानं, त्यांना हेब्बाळच्या आपल्या फ्लॅटवर आणलं. अश्लेषा तिथल्याच एका शाळेत गणित शिकवायची. ती सकाळी बाहेर पडली की भागुबाई बाल्कनीत बसून राहायच्या. खालच्या दुकानदाराशी कानडीत बोलायच्या, भाजीवालीशी बोलायच्या, पण आतलं काही सांगायचं तर त्यांना मराठीच लागायची.

अश्लेषाच्या शाळेत धनलक्ष्मी नावाच्या एक वयस्क बाई होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या मागोमाग इकडे आलेलं, जुन्या बंगळुरातल्या चिकपेटेत मुरलेलं. त्यांनी सांगितलं की बेळ्ळंदूरला पुण्या-मुंबईकडच्या लोकांनी 'आपली माणसं' नावाचं मंडळ काढलंय, आईला तिकडे ने, स्वल्प मन रमेल. भागुबाई खूश झाल्या. संक्रांतीच्या कार्यक्रमाला त्यांनी ठेवणीतलं इरकली लुगडं काढलं आणि अक्कांबरोबर पुढे गेल्या. अश्लेषा शाळा आटोपून मागून येणार होती.

त्या दिवशी ज्याला वाटेल त्यानं स्टेजवर येऊन आपल्या गावाबद्दल बोलायचं होतं. भागुबाईंनी हात वर केला. माईक हातात घेऊन त्या म्हणाल्या, "मी निपाणीहून आलो. लेकीकडं राहतो." त्यांच्या भागात बायका अशाच बोलतात. बाईमाणूसही आलो, गेलो, जेवलो म्हणते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

मंडळाचा अध्यक्ष आणि निवेदक होता गिरीराज खासनीस. मोठ्या कंपनीतला मोठा अधिकारी, बोलायला चतुर, हसतमुख. त्यानं दुसरा माईक उचलला आणि विचारलं, "आजी आल्या, की आजोबा आले?"

हॉल हसला. भागुबाईंना वाटलं, लोकांना आपलं बोलणं आवडतंय. त्याही हसल्या आणि पुढे सांगू लागल्या, सुगीत मी रानात जातो, मी भाकऱ्या बांधून नेतो. गिरीराज त्यांच्या प्रत्येक वाक्यामागून तेच क्रियापद पुरुषी, घोगऱ्या आवाजात म्हणत राहिला. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. रिंग रोडच्या गर्दीतून सुटून अश्लेषा हातात हेल्मेट घेऊन दारात पोचली ती नेमकी त्या वेळेला. लोक कशाला हसतायत हे आईला कळण्याचा क्षण तिनं दारातून पाहिला. भागुबाईंनी बोलणं अर्ध्यावर सोडलं, माईक टेबलावर नीट ठेवला आणि पदर सावरत खाली उतरल्या.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण कुणीतरी व्हिडिओ काढला होता. त्यातून भागुबाईंच्या चेहऱ्याचा व्हॉट्सअॅप स्टिकर झाला, खाली 'मी आलो!' असं लिहिलेला. बंगळुरातल्या मराठी लोकांच्या गटांत कुणी कुठे पोचलं की तो स्टिकर पडू लागला. त्यांच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये एका मुलीनं मोबाईल पुढे करून विचारलं, आजी, हे तुम्ही ना?

त्यानंतर भागुबाईंचं बोलणं बदललं. क्रियापदाशी आल्या की त्या अडखळायच्या. मी जेव, असं म्हणून थांबायच्या. मग त्यांनी वाक्यातून 'मी' काढूनच टाकला. जेवण झालं. झोप आली. औषध घेऊन झालं. लेकीशीसुद्धा असंच. उन्हाळ्यात त्या निपाणीला भावाकडे गेल्या आणि परत यायचं नाव काढेनात. फोनवर 'बरं आहे' यापलीकडे शब्द निघेना.

अश्लेषा त्या मंडळात पुन्हा गेली नाही. पण गिरीराज खासनीस हे नाव तिच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. वर्गात फळ्यावर आकृती काढताना, स्कूटरवर सिग्नलला उभी असताना, तो घोगरा आवाज तिला ऐकू यायचा. आपण त्याला गाठून काय काय बोलू याची वाक्यं ती जुळवायची आणि कुठलंच वाक्य तिला पुरेसं वाटायचं नाही.

वर्ष उलटलं. जानेवारीच्या अखेरीस एका संध्याकाळी तिचा फोन वाजला. पलीकडे तोच. अर्थात आता साधा, अदबीचा आवाज. मराठी दिनाला मंडळातर्फे मुलांचा कार्यक्रम ठेवलाय, इंग्रजी शाळेतली मुलं शाळेतला एखादा विषय मराठीतून समजावून सांगणार आहेत. त्याची मुलगी संहिता सातवीत होती आणि तिनं भूमिती घ्यावी असं त्यानं ठरवलं होतं. कोन, रेषा, त्रिकोण, हे सगळं मराठीत. धनलक्ष्मी मॅडमनी तुमचं नाव सुचवलं, तुम्ही मराठी माध्यमातून शिकलात म्हणे. अक्कांना बिचाऱ्यांना यात काही वावगं दिसलं नव्हतं. संक्रांतीच्या दिवशी त्या मागच्या ओळीत बसल्या होत्या, त्यांना तो गमतीचाच भाग वाटला होता आणि भागुबाई त्यांना परतीच्या वाटेवर काहीच बोलल्या नव्हत्या.

अश्लेषानं होकार दिला. त्या वेळी तिच्या डोक्यात एवढंच होतं की त्याच्या घरात जायचं, त्याच्या मुलीसमोर, बायकोसमोर उभं राहायचं आणि मी कोण ते सांगायचं.

बेळ्ळंदूरच्या तळ्याजवळच्या उंच इमारतीत त्याचं घर होतं. वारा तळ्याकडून येत होता म्हणून खिडक्या बंद होत्या. गिरीराजनं स्वतः कॉफी करून आणली. माणूस वागायला गोड होता, याचाच अश्लेषाला जास्त संताप आला. तो समोर बसला आणि म्हणाला की एक छोटीशी विनंती आहे. तुमचं गणित उत्तमच असणार, पण तुम्ही पडलात त्या बाजूच्या. संहिताच्या बोलण्यात तिकडचा हेल यायला नको. अस्सल, घरंदाज मराठी हवी, लोकांनी कान टवकारून ऐकलं पाहिजे. आणि मग हसत त्यानं सांगायला सुरुवात केली, "मागे आमच्याकडे एक आजी आल्या होत्या..."

त्यानं सगळा किस्सा रंगवून सांगितला. घोगरा आवाजही काढला. शेजारी बसलेली संहिता कंटाळलेल्या स्वरात म्हणाली, बाबा, तुम्ही हे सगळ्यांना सांगता.

अश्लेषा कॉफीचा कप धरून ऐकत राहिली. ठरवून आणलेलं वाक्य तिनं गिळलं. चार भिंतींत बोलून याचं काय होणार होतं? हा सॉरी म्हणेल, गोड हसेल आणि पुढच्या पाहुण्याला याच किश्श्याला नवं शेपूट जोडून सांगेल. तिच्या आईला लोक हसले होते ते भरल्या हॉलमध्ये.

तो आत गेला. संहितानं कंपासपेटी उघडली आणि कागदावर एक भलामोठा उघडा कोन काढला. ऑब्ट्यूस, ती म्हणाली, याला मराठीत काय म्हणायचं? अश्लेषाच्या जिभेवर विशालकोन हा शब्द आला होता.

"फताडा," ती म्हणाली. "फताडा कोन."

संहितानं मान वर केली. अश्लेषानं शांतपणे समजावलं की फताडे पाय म्हणतात ना, फाकलेले, तसा हा. मुलगी खुदकन हसली, उठून पाय फाकवून उभी राहिली आणि म्हणाली, म्हणजे असा. मग बसून तिनं तो शब्द लिहून घेतला. घरी परतताना सिग्नलला उभी असताना अश्लेषाला आपण काय करणार आहोत ते पूर्ण उमगलं. याच्या घरचं माणूस त्याच स्टेजवर उभं राहील, मन लावून बोलेल, आणि हॉल हसेल. त्याला दारात उभं राहून ते बघावं लागेल.

मग तिला शब्द सुचतच गेले. बहुतेक रिंग रोडच्या गर्दीत, स्कूटर बंद करून उभी असताना. लघुकोनाचा झाला आखडू कोन. कधीच न भेटणाऱ्या दोन समांतर रेषा झाल्या अबोला रेषा. त्या दोघींना छेदून जाणारी छेदिका झाली आगाऊ रेषा. काटकोनासमोरची लांब भुजा, म्हणजे कर्ण, ती लंबूटांग. त्रिकोणाचा शिरोबिंदू झाला शेंडी. आणि तिन्ही बाजू वेगवेगळ्या असलेला विषमभुज त्रिकोण झाला तिरपागडा. काटकोन, पाया, भुजा हे शब्द तिनं खरेच ठेवले, नाहीतर संशय आला असता.

संशय एकदा आलाच. संहितानं नेटवर शोधलं होतं आणि तिथे न्यून कोण असं काहीतरी सापडलं होतं. ते हिंदी आहे, अश्लेषा म्हणाली, आणि ते खरंच हिंदी होतं. मग दुसरीकडे लघुकोन दिसला, तेव्हा तिनं सांगितलं की तो भाषांतर केलेला, पुस्तकी शब्द आहे, तुझ्या बाबांना अस्सल हवेत. पहिलं खरं निघालं होतं म्हणून दुसरं खपून गेलं. गिरीराजही एकदा दारात थांबून ऐकून गेला. अबोला रेषा ऐकून वा, असं म्हणाला. तो पुण्यात इंग्रजी शाळेत शिकलेला होता, यातला एकही शब्द त्याला ठाऊक नव्हता, आणि विचारलं असतं तर ते उघड झालं असतं.

यात एक गोष्ट अश्लेषानं धरली नव्हती. मुलगी रमली. आधी ती अॅक्यूट आणि ऑब्ट्यूसमध्ये हटकून घोळ घालायची, आता कोन बघितल्याबरोबर आखडू की फताडा ते सांगायची. जिन्याच्या कठड्यात, क्रेनमध्ये, पुलाच्या खांबांत तिला त्रिकोण दिसायला लागले. अश्लेषा आली की ती दारातच सांगायची, मॅडम, आज शाळेच्या बसमधून मला एक तिरपागडा दिसला. अश्लेषा तिच्याकडे बघायचं टाळायची. कागदाकडे बघत शिकवायची.

कार्यक्रमाच्या आदल्या खेपेला संहितानं सगळं भाषण बोलून दाखवलं. मग पेन्सिलीला टोक काढत तिनं विचारलं, "मॅडम, लोक हसणार नाहीत ना?"

"हसले तर काय होईल?"

"मग मी परत मराठी बोलणारच नाही."

आपल्या आईचं जे झालं तेच आपण या मुलीचं करायला निघालोय, हे अश्लेषाला इतकं स्वच्छ दिसलं की दुसरं काही दिसेना. अजून वेळ होता. तासाभरात सगळे शब्द बदलून देता आले असते, मुलगी हुशार होती. पण आतून गिरीराजचा आवाज आला. तो फोनवर कुणाला तरी हसत हसत काही सांगत होता आणि मध्येच त्यानं आवाज घोगरा केला.

"नाही हसणार," अश्लेषा म्हणाली.

कार्यक्रम रविवारी सकाळी गिरीराजच्या इमारतीच्याच हॉलमध्ये झाला, गेल्या वर्षी संक्रांतीचा झाला होता तिथेच. अश्लेषा अक्कांच्या शेजारी बसली होती. संहिता खणाचं परकर-पोलकं घालून, हातात लाकडी पट्टी घेऊन पुढे आली. मागे पडद्यावर आकृत्या होत्या. तिचा आवाज जराही कापत नव्हता.

"दोन रेषा कितीही लांब नेल्या तरी एकमेकींना भेटत नाहीत, त्या अबोला रेषा. त्यांना छेदून तिसरी घुसते, ती आगाऊ रेषा. ती अशी तिरकी घुसली की आठ कोन तयार होतात. चार आखडू आणि चार फताडे."

अश्लेषानं हॉलकडे पाहिलं. आता हसतील. मागे एक लहान पोर फिदकन हसलं, त्याला त्याच्या आईनं दटावलं. बाकी हॉल चिडीचूप. बायका मोबाईल उंच धरून व्हिडिओ घेत होत्या. पुढच्या रांगेतले एक आजोबा डोळे मिटून मान डोलावत होते. संहिता लंबूटांगपर्यंत आली, शेंडीपर्यंत आली, तिरपागड्या त्रिकोणापर्यंत आली. कुणी हसलं नाही. अक्कांनी अश्लेषाच्या कानाशी येऊन म्हटलं, "किती छान शब्द गं. आमची मराठी जुनी ना, आम्हाला हे कुणी शिकवलेच नाहीत."

तेव्हा अश्लेषाला कळलं. शब्द माहीत नसणं हा आपलाच कमीपणा, असं हॉलमधल्या प्रत्येकाला वाटत होतं. अध्यक्षांची मुलगी बोलतेय म्हणजे बरोबरच असणार. निपाणीच्या बाईनं यातला एक शब्द उच्चारला असता तर हाच हॉल कोसळला असता. संहिता खाली वाकली, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि अश्लेषाला आपला सूड वाहून गेल्यासारखा वाटला. त्याच वेळी तिला हायसंही वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचाही राग आला.

मग गिरीराजनं माईक घेतला. छाती भरून आली होती त्याची. तो म्हणाला की ही पुस्तकातली मराठी नव्हे, ही घरातली मराठी. हे शब्द त्याच्या आजीच्या तोंडी होते. आजी रांगोळी काढताना म्हणायची, ती आगाऊ रेषा पूस आधी. पुन्हा टाळ्या पडल्या. शब्दांची ही पुंजी मुलीपर्यंत पोचवायला मदत केली म्हणून त्यानं अश्लेषा खोत मॅडमना स्टेजवर बोलावलं. शाल आणि नारळ तयार होता.

अश्लेषा पायऱ्या चढून गेली. आई जिथे उभी होती तिथेच तिला उभं केलं गेलं. गिरीराजनं शाल उलगडून हातात धरली. तिनं माईक मागून घेतला.

"सर, आजींचा कुठला शब्द तुम्हाला सगळ्यात जास्त आठवतो?"

"आगाऊ रेषा," तो लगेच म्हणाला. "आमच्या घरात अगदी रोजचा."

"तो मी तीन आठवड्यांपूर्वी बेळ्ळंदूरच्या सिग्नलला तयार केला. पुढे एक रिक्षा आडवी घुसली होती."

हॉलला आधी कळलंच नाही. अश्लेषा आवाज न चढवता बोलत राहिली. खरा शब्द छेदिका. अबोला नव्हे, समांतर. आखडू आणि फताडा नव्हे, लघुकोन आणि विशालकोन. कर्ण, शिरोबिंदू, विषमभुज त्रिकोण. निपाणीत शाळेतल्या कुठल्याही पोराला विचारा. हे सगळे शब्द मी बनवले आणि या मुलीला खरे म्हणून शिकवले. "गेल्या वर्षी संक्रांतीला याच जागेवर एक बाई बोलायला आल्या होत्या. त्यांचा स्टिकर तुमच्यातल्या बहुतेकांच्या फोनमध्ये असेल. भागुबाई खोत. मी त्यांची मुलगी."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग त्याच्या शेजारचा. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, आमच्या आजीचा शब्द, आणि मग हॉल हसला. वर्षापूर्वी हसला होता तसाच, खुर्च्यांवर मागे रेलून, एकमेकांना टाळ्या देत. गिरीराज उघडी शाल दोन्ही हातांत धरून उभा होता. चेहऱ्यावरचं हसू त्याला पुसताही येईना आणि ठेवताही येईना. काहीतरी गैरसमज होतोय, असं तो माईकशिवाय म्हणत होता आणि ते कुणाला ऐकू जात नव्हतं. अश्लेषानं डोळे भरून ते पाहून घेतलं. इतकं गोड तिला कित्येक महिन्यांत काही लागलं नव्हतं. शाल न घेता ती वळली.

वळली तेव्हा संहिता दिसली. स्टेजच्या कडेला, लाकडी पट्टी अजून हातात. ती रडत नव्हती. तिचे ओठ हलत होते. यातला कुठला शब्द खरा आणि कुठला खोटा, ते ती मनातल्या मनात तपासत होती.

त्याच संध्याकाळी गिरीराजचा स्टिकर निघाला. हातात शाल, खाली 'आमच्या आजीचा शब्द'. आठवड्याभरात त्यानं अध्यक्षपद सोडलं, निवेदनही सोडलं. अश्लेषानं तो स्टिकर जपून ठेवला होता आणि तो उघडून बघायला तिला कारण लागत नव्हतं. अक्का मात्र शाळेत तिच्याशी कामापुरतंच बोलू लागल्या. सरी, म्हणजे ठीक, एवढंच कानडीत म्हणायच्या आणि वर्गात निघून जायच्या.

अश्लेषानं आईला फोन करून सगळं सांगितलं. भागुबाई ऐकता ऐकता हसायला लागल्या, ठसका लागेपर्यंत हसल्या.

"तसाच उभा राहिला काय? शाल धरून?"

"व्हय."

"परत सांग की. रिक्षाचं परत सांग." अश्लेषानं पुन्हा सांगितलं. भागुबाई म्हणाल्या, "मी असतो तर तोंड बघितलं असतं त्याचं." वर्षभरानं त्या वाक्यात 'मी' म्हणाल्या होत्या आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. मग विचारलं, "आणि ती पोर? रडली काय?"

"नाही."

"मग अवघड हाय," भागुबाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात संहिता अश्लेषाच्या शाळेत आली. तिची आई फाटकाबाहेर गाडीत बसून राहिली. मुलं घरी गेली होती आणि रिकाम्या वर्गात अश्लेषा पेपर तपासत होती. संहिता समोरच्या बाकावर बसली नाही, उभी राहिली.

"तुम्हाला बाबांवर राग होता," ती म्हणाली. "मग मला का?"

अश्लेषाकडे तयार केलेली उत्तरं होती. ती तिनं बाजूला ठेवली. "तू त्यांची मुलगी म्हणून," ती म्हणाली.

संहितानं मान हलवली, जणू हेच अपेक्षित होतं. मग ती म्हणाली, "तुमच्या आईचा स्टिकर मीपण पाठवलाय. खूप वेळा. ती कोण आहे, मला माहीत नव्हतं. तुम्हाला सगळं माहीत होतं."

बाहेर शिपाई दारं लावत येत होता. संहितानं घरून पाठ करून आणल्यासारखं सांगितलं की तिला दोन गोष्टी हव्या आहेत. सगळे खरे शब्द. आणि माफी, पण इथे नाही, हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, कारण जे झालं ते सगळ्यांसमोर झालं होतं. शाळेच्या बसमध्ये मुलं तिला फताडा म्हणून हाक मारत होती, हे तिनं अगदी शेवटी, दाराकडे जाता जाता सांगितलं.

अश्लेषानं बरेच दिवस टाळलं. त्या स्टेजवर जाऊन मान खाली घालायची म्हणजे गिरीराजला आयतं फावणार होतं, आणि त्याला एवढंसंही काही परत द्यायची तिची तयारी नव्हती. पण ती मुलगी मागत होती ते तिनं स्वतः वर्षभर आईसाठी मनातल्या मनात मागितलं होतं, शब्दाला शब्द तेच. पाडव्याच्या कार्यक्रमाला ती गेली.

निवेदन आता श्रीवत्स नावाचा एक तरुण करत होता. त्यानं घाबरतच तिच्या हातात माईक दिला. गिरीराज बायकोशेजारी मधल्या रांगेत बसला होता. संहिता पुढे, खुर्चीच्या कडेवर.

"संहिता, मी तुला जाणूनबुजून खोटे शब्द शिकवले," अश्लेषा म्हणाली. "लोकांनी तुला हसावं म्हणून शिकवले. तू मला विचारलंस तेव्हाही मी खोटं बोलले. तुझी काहीही चूक नव्हती. मी तुझी माफी मागते."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माना हळूहळू मधल्या रांगेकडे वळल्या. संहितानंही मागे वळून बापाकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली. त्याच्या बायकोनं त्याच्या हाताला कोपर लावलं. गिरीराजनं सदऱ्याची घडी नीट केली, फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि जागचा हलला नाही. अश्लेषानं थोडा वेळ वाट पाहिली आणि माईक श्रीवत्सच्या हातात दिला. त्या माणसाच्या बाबतीत तिला तसूभरही वाईट वाटत नव्हतं. त्याचा स्टिकर तिच्या फोनमध्ये होता आणि तिथेच राहणार होता.

हॉलबाहेरच्या पायऱ्यांवर संहिता तिची वाट पाहत बसली होती. तिच्या आईनं पुण्याहून मराठी माध्यमाचं गणिताचं पुस्तक मागवलं होतं, ते तिच्या मांडीवर होतं. अश्लेषा एक पायरी सोडून बसली आणि सुरुवातीपासून सांगू लागली. समांतर रेषा. संहितानं लगेच लिहिलं नाही. आधी पुस्तकाचं पान शोधलं, ओळीवर बोट ठेवून शब्द वाचला, मग उतरवला. लघुकोन. पुन्हा तेच. विशालकोन. पुन्हा तेच. आत जेवणाची पानं मांडली जात होती, लोक ये-जा करताना त्या दोघींकडे बघत होते आणि बाजूनं निघून जात होते.

"छेदिका," अश्लेषा म्हणाली.

संहितानं पानं उलटली. तो शब्द सापडायला वेळ लागला. सापडल्यावर तिनं तो दोनदा वाचला, लिहिला, आणि मान वर न करता म्हणाली, "पुढचा."